गुरुजींनी न दिलेली सही

बबन गुरुजी गेल्याची बातमी मला नारायणगावच्या एसटी स्टँडवर कळली. गावाच्या ग्रुपवर कुणीतरी त्यांचा जुना फोटो टाकला होता आणि त्याखाली हात जोडल्याची चित्रं एकामागून एक येत होती. त्या क्षणी माझ्या मनात जे पहिल्यांदा आलं ते इथे लिहावं की नाही, हे ठरवण्यात माझे काही आठवडे गेले. मनात आलं ते असं, की आता ती सही कधीच मिळणार नाही. वाईट त्यानंतर वाटलं. खरं तर त्या सहीचा उपयोग संपून वर्ष झालं होतं. ती मिळाली असती तरी तिचं आता काही झालं नसतं. तरीही पहिला विचार तोच आला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं, हे मला माहीत आहे. मी प्रयत्न करते. पण गुरुजींबद्दल माझ्या मनात जो संशय होता तो वगळून लिहिलं, तर ते माझे गुरुजी होणार नाहीत.

आम्ही डिंगोऱ्याचे, मेंढपाळ घरातले. आता आबांनी मेंढरं कमी करून शेती धरली आहे, पण मी जन्मले तेव्हा आई-आबा कळपामागे फिरत होते. माझा जन्म कुठल्या तरी परक्या शेतात, मेंढरं कोंडायच्या जाळीच्या वाघरात झाला. त्याची नोंद कुठेच नाही. आत्या गावात राहायची. तिच्याकडे मला ठेवून आई-आबा पुढे निघून गेले आणि आत्याने मला एका जूनमध्ये शाळेत नेलं. शाळेत तेव्हा बबन गुरुजी होते. जन्माचा कागद नाही म्हटल्यावर त्यांनी जुनी रीत वापरली. उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन डावा कान धरता आला, की पोरगं सहा वर्षांचं झालं असं समजायचं. आत्या सांगते, की मी कान नुसता धरला नाही, तो ओढून दाखवला. गुरुजी हसले आणि त्यांनी रजिस्टरात बरोबर सहा वर्षं मागची एक जून लिहिली. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचा वाढदिवस एक जूनच आहे, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. चूक एवढीच झाली, की माझे हात लांब होते. वयापेक्षा लांब. ती रीत बेताच्या हाताच्या मुलांसाठी होती.

हे कळायला बारा वर्षं लागली. वर्गात मी नेहमी सगळ्यांत उंच, पण अक्कल मात्र लहान मुलाची. गुरुजी मला पाढे म्हणायला उभं करायचे आणि मी रडायला लागले की म्हणायचे, "बस, बस. उंची तेवढी वाढीव आहे." चौथीपर्यंत त्यांनी मला शिकवलं. पुढे ते निवृत्त झाले आणि गावातच राहिले. आमच्या घरात दहावी झालेली मी पहिली, बारावी झालेली पहिली, आणि कॉलेजात जाणारीही पहिली. अकरावीला मी वारूळवाडीत मावशीकडे राहायला आले. प्रवेशाच्या रांगेत उभी असताना खेळाच्या मॅडमनी मला बाहेर काढलं. मला वाटलं, माझा काहीतरी कागद राहिला. त्यांनी फक्त विचारलं, "बास्केटबॉल बघितलाय कधी?" मी टीव्हीवर बघितलाय असं खोटं सांगितलं.

दोन वर्षांत मी चांगली खेळायला लागले. हे माझं मत नाही, मॅडमचं आहे. बारावीची परीक्षा झाल्यावर पुण्याला एका निवड चाचणीला त्या मला घेऊन गेल्या. तिथे एका खासगी अकादमीचे सर आले होते. त्यांनी माझी उंची मोजली, दोन्ही हात पसरायला लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजलं, पंजा टेबलावर ठेवून त्याचंही माप घेतलं. ते म्हणाले, "पळणं शिकवता येतं, नेम शिकवता येतो. हे हात शिकवता येत नाहीत." पाच वर्षांचा करार, राहणं-खाणं त्यांच्याकडे, पुढे व्यावसायिक लीगमध्ये खेळायची संधी. कॉलेज मात्र सोडायचं. "परीक्षा बाहेरून द्या, सगळे देतात," असं ते सहज म्हणाले. अडचण एकच होती. त्यांची ती तुकडी अठराच्या आतल्या मुलींची होती आणि कागदावर मला नुकतंच अठरावं पूर्ण होत होतं. मी चाचरत त्यांना कान धरण्याची गोष्ट सांगितली. ते खूश झाले. म्हणाले, "मग झालं की. तुमच्या पहिल्या गुरुजींनी लिहून द्यायचं, की रजिस्टरात वय चुकलं, मुलगी दोन वर्षांनी लहान आहे. पुढचं आमचे वकील बघतील."

मी त्याच आठवड्यात डिंगोऱ्याला गेले. गुरुजी पडवीत बसून लसूण सोलत होते. मी सगळं एका दमात सांगितलं आणि कराराची प्रत पुढे ठेवली. त्यांनी ती लगेच हातात घेतली नाही.

"दोन वर्षांनी लहान, हे कुणी ठरवलं?"

"सर म्हणाले."

"सरांनी तुला कधी बघितलं? परवा. मी तुला कधी बघितलं? नाकातून शेंबूड गळत होता तेव्हा. मला माहीत नाही ते त्यांना कसं माहीत?"

"पण गुरुजी, तुम्हीच म्हणायचे ना, उंची वाढीव आहे..."

"म्हणायचो. तुझं खरं वय किती ते सांग. सरांचं नको, तुझं."

मी कराराची प्रत आणखी पुढे सरकवली. मग ते लसणाची सुपली बाजूला सारून म्हणाले, "हा माणूस तुझं वय कमी करायला निघालाय. बाजारात कोण कुणाचं वय कमी करून सांगतं, शीतल? विकणारा सांगतो. घेणारा कधी सांगत नाही. इथं घेणाराच सांगतोय. मला ह्याचा मेळ लागंना." त्यांनी करार ठेवून घेतला आणि आठवडाभराने ये म्हणाले.

त्या आठवड्यात ते आमच्या घरी आले. आई-आबा समोरासमोर होते. गुरुजींनी साधाच प्रश्न विचारला, पोरगी कुठल्या साली झाली. आबा म्हणाले, "त्या साली आपली काळी मेंढी जुळं व्याली व्हती. पाऊस बी लई झाला व्हता." आई म्हणाली, "काळी व्याली ती पुढच्या साली. शीतल झाली तवा हरभऱ्याला घाटे धरले व्हते आन् काळी गाभण बी नव्हती." आबा म्हणाले, "तुला काय आठवतंय? तू तर निजून व्हतीस." आई म्हणाली, "मी निजून व्हते म्हणूनच आठवतंय. तुमी व्हता का तिथं?" आबा खरंच तिथे नव्हते, मेंढरं घेऊन पुढच्या मुक्कामाला गेले होते. दोघांच्या सांगण्यात पूर्ण एका वर्षाचा फरक पडत होता. मला त्या भांडणाचं हसू आलं. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी पाणीसुद्धा न घेता चप्पल घातली.

आठवडा झाल्यावर मी गेले तर करार माझ्या हातात परत आला. लिहून दिलेलं काही नव्हतं. "मी सही करणार नाही," ते म्हणाले. मी कारण विचारलं. ते म्हणाले, "पाच वर्षं त्यांची, आणि कॉलेज बाहेरून. तू शिकणारी पहिलीच आहेस घरात. बाहेरून शिकायचं म्हणजे काय, हे सांगायला घरात कोण आहे?" मी म्हटलं, "तिथं काही वाईट आहे का?" ते म्हणाले, "तसं मी म्हटलं नाही." मग बराच वेळ ते रस्त्याकडे बघत राहिले... मी त्यांच्या पाया न पडता निघाले. आयुष्यात पहिल्यांदाच.

घरी आल्यावर आबा म्हणाले, "मास्तर आपलं कातडं वाचवतोय. चूक कबूल केली तर चौकशी लागंल, पेन्शन अडकंल. तुझी काळजी न्हाई त्याला." गावातही लोक हेच बोलायचे. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, "दुसऱ्याच्या पोरीला कॉलेज शिकवायला काय जातंय राव, आपली सही वाचली म्हंजे झालं." मला ते पटलं. पटलं म्हणजे... दुसरं काही पटण्यापेक्षा ते सोपं होतं. गुरुजी माझ्या शिक्षणाचं नाव सांगून स्वतःची चूक झाकतायत, असं मी धरून चालले. एकदा असं धरलं, की माणसाचं प्रत्येक बोलणं त्यात बसवता येतं. त्यांचा तो प्रश्न, बाजारात कोण वय कमी करतं, तोसुद्धा मला वेळ काढण्याची युक्ती वाटायला लागला.

अकादमीने माझ्या जागी मंचरकडची एक मुलगी घेतली. ती चाचणीत माझ्याच गटात होती. ती तिथे आनंदात आहे. दोनदा परराज्यात खेळून आली. अधूनमधून फोटो पाठवते. बाहेरून द्यायची परीक्षा मात्र अजून दिलेली नाही, पुढच्या वर्षी बघू म्हणते. मी तिचे फोटो मोठे करून बघते. तिच्या गुडघ्याला काही बांधलेलं दिसतं का, चेहरा उतरलेला आहे का, असं काहीतरी शोधते. मला माझीच लाज वाटते, पण मी शोधते. मला तसं काही सापडलेलं नाही.

मी कॉलेजात राहिले. सकाळी तास, दुपारी लायब्ररी, संध्याकाळी मैदान. अर्थशास्त्र मला आवडेल असं मला वाटलं नव्हतं, ते आवडलं. पहिल्या वर्षी प्राध्यापकांनी एकदा वर्गात विचारलं, की कुणाच्या घरी जनावरांची खरेदी-विक्री होते, आणि मी हात वर केला. मग मी पंधरा मिनिटं बोलले. मेंढरांचा बाजार, दात बघून वय ठरवणं, दलाल कोणत्या बाजूने बोलतो ते कसं ओळखायचं. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की मी गुरुजींचंच वाक्य वापरतेय, आणि मी मध्येच थांबले. प्राध्यापकांना वाटलं, मी घाबरले. खेळाच्या मॅडम मात्र दुसरं खरं सांगतात. त्या म्हणतात, "शीतल, खेळाला वय असतं. तुझी ही तीन वर्षं परत येणार नाहीत. डिग्री तिशीत पण घेता येते." त्या माझ्या भल्याचंच सांगतात. गुरुजीही भल्याचंच सांगत असतील. भल्याचं सांगणारी दोन माणसं दोन दिशांना उभी असली की ज्याचं भलं व्हायचं असतं त्याने कुठे बघायचं, हे मला अजून कळत नाही. मी अजून खेळते, विद्यापीठाच्या संघात येण्याची आशा आहे. पण रिंगकडे उडी मारताना कधीकधी वाटतं, की हे हात जिथे पोचायला हवे होते तिथे ते एका माणसाने पोचू दिले नाहीत.

गुरुजींची शेवटची भेट ओतूरच्या स्टँडवर झाली. मी गाडी बदलत होते. ते पिशवी घेऊन उभे होते. त्यांनी विचारलं, "दुसऱ्या वर्षाची पुस्तकं मिळाली का?" मी "मिळाली" म्हटलं. "अभ्यास जमतोय?" "जमतोय." मला वाटलं, ते माझ्या तोंडून ऐकू बघतायत, की तुम्ही केलंत ते बरं केलंत. मी ते म्हणायचं नाही असं ठरवलं. गाडी लागली. मी चढले आणि मुद्दाम पलीकडच्या बाजूला बसले.

ते गेल्यावर महिनाभराने त्यांच्या पत्नीचा, ताराकाकूंचा, निरोप आला. एक सरकारी अर्ज भरायचा आहे, मुलगा लांब आहे, तू येशील का. मला जायचं नव्हतं. आबाच म्हणाले, "जाऊन ये. मेलेल्या माणसाशी काय भांडायचं." मी गेले. पडवीतली बाज अजून तशीच होती. काकूंनी मला आतल्या खोलीत बसवलं. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग त्या म्हणाल्या, "तुझ्यासाठी ते पुण्याला गेले व्हते. तुला सांगितलं का कधी?"

मी नाही म्हटलं.

"मला म्हणाले, डोळं दाखवायला चाललोय. आन् गेले त्या तुझ्या अकादमीत. दिवसभर फाटकापाशी बसले. वॉचमनशी बोलले, पोरींशी बोलले. पोरींनी त्यांना आतलं जेवण बी खायला घातलं. आल्यावर म्हणाले, जागा चांगली हाय तारे. पोरी हसत्यात. जेवण आपल्यापरीस बरं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी दोनदा विचारलं. जागा चांगली होती, आणि हे त्यांना माहीत होतं, आणि मी विचारलं तेव्हा ते रस्त्याकडे बघत राहिले होते. "मग सही का नाही दिली?" माझा आवाज चढला. शोक करायला आलेल्या माणसाने असं बोलू नये, पण मी बोलले.

काकूंना राग आला नाही. त्या म्हणाल्या, "मी बी हेच इचारलं. म्हणलं, पेन्शनीचं भ्या वाटतंय का? तर म्हणाले, वाटतंय की. पण त्याच्यासाठी न्हाई. तिची आई एक साल सांगती, बाप दुसरं. मी एकदा अंदाजानं लिवलं, त्यात त्या पोरीचं हे झालं. आता दुसऱ्यांदा अंदाजानं लिवू?"

मग आम्ही अर्ज घेतला. गुरुजींच्या मागे काकूंना पेन्शन चालू व्हावी म्हणून तो होता. वरच्या भागात गुरुजींची माहिती आधीच छापलेली होती. मी नाव वाचलं, गाव वाचलं, जन्मतारीख वाचली. एक जून. मी वर बघितलं. काकू म्हणाल्या, "त्यांचं बी तसलंच. त्यांच्या आईच्या सांगण्यावरून धरलं तर दोन वर्सं आधीच घरी बसले ते. लोक म्हणायचे, गुरुजी, बदलून घ्या, दोन वर्सं नोकरी वाढंल. न्हाई घेतलं. आईला तरी कुठं नक्की आठवत व्हतं, म्हणायचे."

गेले काही आठवडे मी हे दोन्ही मनात उलटसुलट करून बघते आहे. त्यांनी स्वतःची दोन वर्षं सोडली, त्यामुळे माझी सोडायला लावताना त्यांना काही वाटलं नसेल, असा एक विचार येतो. मी सोसलं, तूही सोस. किंवा त्यांना खूप वाटलं असेल, आणि ते सांगता आलं नसेल. जागा चांगली आहे एवढं तरी त्यांनी सांगायला हवं होतं. ते सांगितलं असतं तर मी दुसरीकडून काही खटपट केली असती, आणि बहुतेक म्हणूनच त्यांनी सांगितलं नाही. हे मी त्यांना माफ केलेलं नाही. पेन्शनीच्या भीतीचा आळ मात्र मी मागे घेते. निदान अर्धा.

अर्जाच्या खालच्या भागात काकूंची माहिती भरायची होती. जन्मतारखेच्या चौकटीपाशी मी थांबले. काकू म्हणाल्या, "घाल की एक जून. ह्या घरात तीच चालती."

"आधार कार्ड द्या, काकू."

"आगं, त्याच्यावर एक जानेवारी हाय. काढणाऱ्या पोरानं इचारलं, मी म्हणलं, घाल काहीबाही. ते बी खोटंच."

तरी त्यांनी उठून ट्रंकेतून कार्ड काढून दिलं. मी त्यावरची तारीख चौकटीत उतरवली, आणि चौकटीबाहेर जागा होती तिथे बारीक अक्षरात लिहिलं, कार्डाप्रमाणे. काकूंनी विचारलं, काय लिहिलंस, आणि मी सांगितलं. मी पेन त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते घेतलं नाही.

"आसं न्हाई," त्या म्हणाल्या. "सही करायच्या आधी सगळा कागद मोठ्यानं वाचून दावायचा. चाळीस वर्सं मला कुठलाच कागद न वाचता सही करू दिली न्हाई त्यांनी. दुधाच्या डेअरीचा बी न्हाई. पहिल्यापासून वाच."

मी पहिल्यापासून वाचायला लागले. मध्ये एका ओळीवर घाई केली तेव्हा काकूंनी बोट वर केलं, आणि मी ती ओळ पुन्हा, सावकाश वाचली.